उकिरड्यावर फेकलेल्या कोंबड्या

पहिली मेलेली कोंबडी उकिरड्यावर मीच फेकली. दुसरी, तिसरी, चौथी आणि पाचवीही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांच्यातून मला स्वतःला वगळता येणार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याला बारावीची परीक्षा देऊन मी उन्हाळ्यात गावी आले होते. गाव साक्री तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याला. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, पंचवीसेक घरांची. वस्ती संपली की उकिरडा, उकिरड्याला लागून बांध, आणि बांधापलीकडे गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा मळा. मळ्यात विहीर आणि विहिरीजवळ कुडाची झोपडी. त्या झोपडीत मळ्याचा सालदार राहायचा. भिल्ल होता. तो, त्याची बायको आणि एक तांबडा कुत्रा. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि नवं सालही आखाजीलाच ठरतं. मालक ‘ऱ्हाय’ म्हणाला तर आणखी वर्षभर छप्पर. नाही म्हणाला तर त्याच दिवशी गाठोडं डोक्यावर. त्या वर्षी आखाजी तीनेक आठवड्यांवर आली होती.

बाईला आम्ही कोणी नावानं हाक मारत नव्हतो. ‘भिलीन’ म्हणायचो. तिच्या तोंडावरसुद्धा.

आईकडे नऊ कोंबड्या होत्या. घरामागच्या भिंतीला टेकून दगडमातीचं खुराडं होतं, पुढे लाकडी फळी, फळीला टेकवलेला धोंडा. त्या नऊ कोंबड्या म्हणजे आईचा स्वतःचा असा एकुलता एक कारभार होता. बाकी सगळं वडिलांना विचारून व्हायचं. कोणती कोंबडी खुडूक बसवायची, कोणाला अंडी उबवायला द्यायची, कोणाला नाही म्हणायचं, हे मात्र ती कोणालाही विचारत नसे.

उन्हाळ्यात पाण्याची रांग उजाडताच लागायची. आई आणि मी घागरी घेऊन हातपंपावर जायचो आणि तास-दीड तासानं परतायचो. मग आई धोंडा सरकवून फळी काढायची, कोंबड्यांना दाणे टाकायची. एका सकाळी फळी काढली तर आठच बाहेर आल्या. नववी आत पडली होती. मानेला दोन बारीक जखमा, डोकं अर्धवट कुरतडलेलं, बाकी अंग जसंच्या तसं.

“व माय,” आई म्हणाली आणि खाली बसली.

मी कोंबडी पाय धरून उचलली आणि उकिरड्यावर टाकून आले. हे का, ते सांगायला हवं. धड दीड किलोची कोंबडी कोणत्याही गरीब घरात फेकली जात नाही. आमच्यात फेकली जायची. आमच्या वस्तीनं एका पिढीमागे गावकीची कामं सोडली होती. मेलेलं जनावर ओढणं सोडलं, आणि मेलेलं खाणं सोडलं. त्यापायी गावानं वस्तीचं दळण बंद केलं होतं, रानात शेळ्या चारू दिल्या नव्हत्या, माझ्या आजोबांचं डोकं फोडलं होतं. असं मार खाऊन मिळवलेलं व्रत होतं ते. आपल्या हातानं कापलेलं खायचं, पडलेलं खायचं नाही. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे. आपण कापलं नाही ते सगळं मेलेलं, एवढा साधा हिशेब होता, आणि त्यात काही चूक असू शकते असं माझ्या मनातही आलं नाही.

माझे वडील धुळ्याला एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे उलटे लावून सुलटा मजकूर उभा करायचा, हे त्यांचं काम. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी एसटीनं घरी यायचे ते वाया गेलेल्या तावांचा गठ्ठा घेऊन. मोर्चाची पत्रकं, संपाची पत्रकं, अंधश्रद्धेविरुद्धची, दारूबंदीची. शाई फुटलेली, ओळ वाकडी गेलेली. मागच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं केली आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. इतर मुली गोष्टींची पुस्तकं वाचत होत्या तेव्हा मी ‘जाहीर आवाहन’ वाचत होते. त्यामुळे जगात काहीही बिघडलं की मला दोनच प्रश्न पडायचे: जबाबदार कोण, आणि निषेध कुठे नोंदवायचा.

दोन दिवसांनी दुसरी कोंबडी गेली, मग तिसरी. तिसरी फेकून मी वळले आणि काहीतरी राहिलं म्हणून परत गेले, तर बांधापलीकडून भिलीन आली होती. तिनं कोंबडी उचलली, मानेकडे नीट पाहिलं, अंग दाबून पाहिलं आणि ओच्यात घालून निघून गेली. मला बघून लपली नाही, घाईही केली नाही.

मला इतकं वाईट वाटलं की मी संध्याकाळी तिच्या झोपडीवर गेले. कशासाठी? तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला. बरोबर एक पत्रकही नेलं. मेलेलं मांस का खाऊ नये, त्यात माणूस म्हणून आपला अपमान कसा आहे, असा मजकूर होता. तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. तरीही नेलं.

तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

“हाऊ कागद काय म्हनस?”

“मेलेलं खाऊ नये, असं म्हणतो.”

“मरेल कोठे शे, बाई? मारेल शे ती. आंग गरम व्हतं तिनं.” तिनं चुलीत काटकी सारली. “तुम्ही शिकेल लोक. गरम कोंबडी फेकी देतंस अनी कागद वाटतंस.”

“पण उकिरड्यावरचं...”

“उकिरडावर तूच टाकी ना? ती काय सोता चालत गयी तठे?”

तिचा नवरा दारात बसून दोर वळत होता. तो मान खाली घालून हसला. मी चिडले. ती आणखी काही सांगत होती. बारीक तोंडवालानं काम शे, मान दख ना नीट, असं काहीतरी. मी ऐकलं नाही. मी मनात पुढचा मुद्दा जुळवत होते. मला सांगणाऱ्या बाईचं ऐकायची सवय नव्हती, मला तिला जागं करायची सवय होती. कोंबड्या कोण मारतं हे शोधायला पुढचे दहा दिवस गेले, वस्ती त्या झोपडीच्या जिवावर उठली, आणि उत्तर मला त्या संध्याकाळी चुलीपुढे फुकट मिळत होतं.

चौथी कोंबडी गेली तेव्हा मी गुन्हेगार नक्की करून टाकला. मळ्याच्या मालकानं नाशिकहून एक विलायती कुत्रा आणला होता. काळा-पिवळा, वासराएवढा. त्याला दूध असायचं, भाकरी असायची, आणि आमच्या वस्तीतली कुठलीही पोर मळ्याजवळून गेली की तो साखळीला हिसडे द्यायचा. माझ्या लेखी एवढा पुरावा पुरेसा होता. श्रीमंताचा कुत्रा गरिबाची कोंबडी मारतो, हे वाक्य किती छान उभं राहतं बघा! मी कार्बन पेपर लावून पाच प्रती लिहिल्या. ‘मळेवाल्यांच्या कुत्र्याचा वस्तीवर हल्ला. जाहीर निषेध.’ एक गिरणीच्या भिंतीवर चिकटवली, एक एसटीच्या थांब्यावर, एक शाळेच्या फाटकावर. उरलेल्या दोन कोणीतरी विडी पेटवायला नेल्या.

एवढा मोठा कुत्रा धोंडा न हलवता बंद खुराड्यात कसा शिरला, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. पत्रकात तो प्रश्न बसत नव्हता.

मालक दुसऱ्याच दिवशी वस्तीत आला. रागावून नाही, हसत. तेच जास्त लागलं. समाजमंदिराच्या ओट्यावर आमच्या वस्तीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना नाना म्हणत. मालक त्यांच्या शेजारी टेकला.

“नाना, मना कुत्रा साखईले बांधेल शे. रातभर भुंकस, बठ्ठा गाव शिव्या देस माले. तो कव्हय उना तुमना खुराडामां?” मग माझ्याकडे वळून, “बाई, तू शिकेल पोर ना? मंग पुरावा दे. मी आत्ते कुत्राले गोई घालस.”

माझ्याकडे पुरावा नव्हता. मी म्हणाले, “मग कोणी मारल्या?”

“माले काय इचारतीस? मोकया कुत्रा कोना शे, दख. मना सालदारना शे. मी काय त्यानी जामिनकी नही लियेल.”

इतकं बोलून तो निघून गेला. त्यानं कोणावर आरोप केला नाही. फक्त बोट दाखवलं. आणि ते बोट उचलायला त्याला ओट्यावर आणलं होतं मी.

अर्ध्या तासात नाना आणि दहा-बारा माणसं झोपडीवर गेली. मीही मागे गेले. चुलीमागे पिसांचा ढीग होता. आमच्या तांबड्या कोंबडीची, काळ्या कोंबडीची, ठिपक्यांवाल्या कोंबडीची पिसं. माणसाला ओळख पटावी इतकी स्वच्छ.

“हाई दखा!” नाना ओरडले. “बठ्ठी चुल्हीमांगे पीसं! कुत्रा मारस अनी ह्या रांधतंस!”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. ही पिसं उकिरड्यावरून आली आहेत, मी स्वतः टाकलेल्या कोंबड्यांची आहेत, मी तिला उचलताना पाहिलं आहे. तीन वाक्यं होती. मी बोलले नाही. मला वाटलं, ती मेलेलं उचलते हे चारचौघांत सांगितलं तर तिचाच अपमान होईल. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की माझी पत्रकं अजून भिंतीवर होती, आणि मालकाचा कुत्रा निर्दोष सुटला तर मी खोटी पडत होते.

भिलीन माझ्याकडे बघत होती. मी पिसांकडे बघत राहिले.

पुढच्या दोन रात्री वस्तीतल्या पोरांनी काठ्या घेऊन पहारा दिला. काही आलं नाही. उजाडल्यावर पोरं झोपायला गेली, आम्ही पाण्याला गेलो, परत आलो तर नानांच्या खुराड्यात एक मेलेली आणि आमच्यात एक. आता तरी कोणी विचार करावा की नाही? उलट वस्तीत नवी गोष्ट सुरू झाली. म्हणे, भिलांना नजरबंदी येते. म्हणे, ती बाई फळी काढते, कुत्रा आत सोडते, परत फळी लावते, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला दिसत नाही. ज्या वस्तीच्या ओट्यावर माझ्या वडिलांनी अंधश्रद्धेविरुद्धचं पत्रक स्वतः वाचून दाखवलं होतं, त्याच ओट्यावर ही चर्चा चालली होती. कोणीतरी सालदाराच्या तांबड्या कुत्र्याला दगड घातला. त्याचा मागचा पाय कायमचा आखडला.

“मग ती कोंबडी तिथेच का सोडून जाते?” मी एका पोराला विचारलं.

“सकायले उकिरडावरथीन उचलाले! आयती भेटस ना!” तो म्हणाला. “लई हुश्शार जात शे ती.”

जात हा शब्द त्यानं इतक्या सहज उच्चारला की माझं अंग पेटलं. आमच्याबद्दल हा शब्द याच सुरात गावात वापरला जात होता, आणि तो ऐकल्यावर हाच पोरगा दगड उचलायचा.

पण चिडून कोंबडीचा मारेकरी सापडत नाही. सहाव्या कोंबडीच्या वेळी मी तिला फेकायला उचललं आणि थांबले. अंग गरम होतं. मान लुळी होती, ताठ नव्हती. रात्री मेलेली कोंबडी सकाळी ताठ झालेली असते, हे मला माहीत होतं. पाच कोंबड्या मी पाय धरून उचलल्या होत्या, पाचही गरम होत्या, आणि एकदाही माझ्या हातानं ते माझ्या डोक्याला कळवलं नव्हतं. सगळी वस्ती रात्री पहारा देत होती. मारणारा उजाडल्यावर येत होता. आम्ही हातपंपावर असताना.

ती कोंबडी मी उकिरड्यावर टाकली नाही. तशीच हातात धरून बांध ओलांडला आणि झोपडीवर गेले.

भिलीन भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“अक्का,” मी म्हणाले. पहिल्यांदाच. “ही बघून सांग ना, कोणाचं काम आहे.”

“आते अक्का व्हयनी का मी?” राखेचे हात तसेच. मग तिनं हात धुतले, कोंबडी घेतली, मानेवरची पिसं फुंकरीनं बाजूला केली.

तिनं जे दाखवलं ते तिच्या शब्दांत फार थोडं होतं, कारण ती बोटानं जास्त बोलत होती. कुत्रा कोंबडी धरतो ती पाठीवर, झटके देतो, पाठ फाटते, पिसं ओली होतात, अंगणभर उडतात. कोल्हा आला असता तर कोंबडी राहिलीच नसती, नेली असती. रानमांजर छातीचं मांस खातं आणि पंख-पाय ठेवतं. घार पिल्लं नेते, मोठ्या कोंबडीला हात लावत नाही. इथे दोन बारीक दात मानेत, डोकं कुरतडलेलं, बाकी अंग शाबूत. म्हणजे मारणाऱ्याला ती न्यायची होती, पण ज्या भोकातून तो आत आला त्यातून कोंबडी बाहेर निघत नव्हती.

“मुंगूस,” ती म्हणाली. “पयल्या दिनले सांगं व्हतं तुले. तू कागद वाची ऱ्हायंती.”

घरी येऊन मी खुराड्याच्या मागच्या कोपऱ्यात हात घातला. मागच्या पावसाळ्यात तिथली माती वाहून गेली होती. दोन दगडांच्या मध्ये मूठ जाईल एवढं भोक. मी चुलीतली राख चाळून त्या भोकाबाहेर पसरली. शेजारच्या काकूनं कुंपणावरून पाहिलं. आमच्याकडे पूर्वी माणूस मेला की त्या जागी राख पसरत. सकाळी तिच्यावर ज्या प्राण्याचं पाऊल दिसेल त्या जन्माला तो गेला असं समजत. ते आम्ही कधीच सोडलं होतं.

“काय व, कोन मरनं तुमना घर?” काकू म्हणाली. “का कोंबडी कोनता जलमले गयी ते दखी ऱ्हायनी?”

“मारणारा कोणत्या जन्माचा आहे ते बघते आहे,” मी म्हणाले.

“तुना बाप रायवारे ई ना, दखू मंग काय म्हनस तो!”

दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले नाही. आई एकटी गेली. मी मागच्या दाराच्या फटीला डोळा लावून बसले. ऊन भिंतीवर चढलं आणि उकिरड्याच्या बाजूनं ते आलं. करड्या अंगाचं, लांब, जमिनीला चिकटून चालणारं. थांबलं, मागच्या पायांवर उभं राहून इकडेतिकडे पाहिलं, आणि वाटेवरचं आपलंच घर असल्यासारखं भोकात शिरलं. आत फडफड सुरू झाल्यावर मी ओरडत धावले. ते माझ्या पायांजवळून निघून गेलं. राखेत पावलं उमटली होती. पाच बोटं, पुढे नखांच्या रेघा. मांजर नखं आत घेऊन चालतं, कुत्र्याला चारच बोटं उमटतात. मी धुळ्याहून आणलेल्या वहीत ती पावलं मोजून काढली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात आवाहन नव्हतं, पुरावा होता. मला इतका आनंद झाला की मी वेड्यासारखी अंगणात नाचले.

बैठक रविवारी सकाळी होती. दोन दिवसांवर आखाजी. वस्तीनं ठरवायचं होतं की मळेवाल्याला जाऊन सांगावं का, की या सालदाराला नवीन साल देऊ नका. मालकाला कटकट नको होती. ‘तुम्ही सांगशाल तसं’ असा निरोप त्यानं धाडला होता. वडील पहिल्या एसटीनं आले होते आणि ओट्याच्या कडेला बसले होते. मी उभी राहिले. वही उघडली. सगळं सांगितलं. भोक, राख, पावलं, गरम अंग, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं मुंगूस.

“मंग पीसं कशी ऊनात तिना घर?” नानांनी शांतपणे विचारलं.

“कोंबड्या मीच उकिरड्यावर टाकल्या,” मी म्हणाले. “तिनं तिथून उचलल्या. मी पाहिलं आहे. तिच्या कुत्र्यानं एकही मारली नाही.”

मला वाटलं, संपलं. नाना हसले. त्यांच्या हसण्यात लबाडी नव्हती, समाधान होतं.

“बरं. मुंगूस ते मुंगूस. कुत्रा सुटना. पन आते तूच सांगं ना बठ्ठासमोर, ती मेलेलं उचलीसन खास.” ते लोकांकडे वळले. “आपन जे थुंकी दिनं, ते आपला बांधले रांधतंस ह्या लोक. आपला पोरंसोरं दखतंस. बठ्ठा गावनी उद्या काय म्हनावं, त्या वस्तीले लागीसन अजून मेलेलंच शिजस?”

“खरं शे,” दोन-तीन जण म्हणाले.

“मारलेलं होतं ते!” मी ओरडले. “तासाभरापूर्वी मारलेलं! मेलेलं आपण ठरवलं, कारण आपल्याला फेकायचं होतं!”

“आवाज कमी कर, पोरी.”

“आणि खाल्लं असेल मेलेलं, तरी? आपल्या आज्यांनी आपल्या पोरांना तेच खाऊ घातलं नव्हतं का? म्हणून त्यांना आपण वस्तीतून हाकलून दिलं का?”

ही चूक होती. आज्यांचं नाव काढल्यावर सगळा ओटा माझ्यावर तुटून पडला. मी वडिलांकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द जुळवणारा तो माणूस. त्यानं एक वाक्य जुळवलं असतं तर बैठक फिरली असती. वस्तीत त्यांचा शब्द खाली पडत नव्हता. ते चपलेत पाय घालत म्हणाले, “घरी चल. तुझं बरोबर आहे. पण ही जागा नाही.”

मग कोणती जागा? मी वाटेत विचारलं, घरी विचारलं, जेवताना विचारलं. छापायची जागा आहे आणि बोलायची नाही? त्यांनी ताट सारलं आणि दुपारच्या गाडीनं धुळ्याला गेले. त्या माणसानं मला वाचायला शिकवलं. मी त्यांच्यावर आजही चिडलेली आहे.

घरात आईच काय ती बोलली. ती म्हणाली, “कोंबड्या मन्या व्हत्या. माले कोनी इचारं का?” खरंच, कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिनं पदरात अंडी घेतली आणि बांध ओलांडून गेली. थोड्या वेळानं अंडी तशीच घेऊन परत आली.

आखाजीच्या दिवशी पोरी झोके घेत होत्या, गाणी म्हणत होत्या. तो दिवस आमच्याकडे माहेरवाशिणींचा. मालकानं वस्तीचं ऐकून सालदाराला नवं साल दिलं नव्हतं. झोपडीवरचं छप्पर काढायलाही त्या दोघांना फुरसत मिळाली नाही. नवरा पुढे, डोक्यावर पेटी. भिलीन मागे, काखेत गाठोडं. तिच्यामागे तीन पायांवर उड्या मारत कुत्रा. मी डोंगराच्या वाटेपर्यंत धावत गेले.

“अक्का, मी सांगितलं त्यांना. सगळं सांगितलं.”

ती थांबली. घाम पुसला.

“कव्हय सांगं?”

“रविवारी. बैठकीत.”

“तू रोज फेके. मी रोज उचलू. तू दखे.” ती रागावलेली नव्हती, निदान आवाजात राग नव्हता. “जव्हय त्या पीसं दखाले उनात, तू तठेच उभी व्हती. तव्हय काबर नही बोलनी?”

मी खूप काही सांगू शकले असते. तिच्या मानाची गोष्ट, वगैरे. तिच्यासमोर ते तोंडातून निघालं नाही. तिनं क्षणभर वाट पाहिली, खरोखर उत्तराची वाट पाहिली, आणि मग गाठोडं दुसऱ्या काखेत घेऊन चालू लागली.

आठवड्याच्या आत मळ्याला नवा सालदार मिळाला. नानांचा पुतण्या. झोपडीला नवीन कूड घातला, दारात तोरण बांधलं. मी नानांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, “मंग काय, मया वसाड पडू द्यावा?” मळा काय ओसाड ठेवायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना त्यात काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं, आणि माझी सगळ्यात जास्त जळफळ त्यानंच झाली.

खुराड्याचं भोक आई आणि मी दगड-चिखलानं बुजवलं. आमच्या तीन कोंबड्या वाचल्या. मुंगूस मात्र कुठे गेलं नव्हतं. पावसाळ्याआधी त्यानं नानांच्या घरच्या दोन आणि पुतण्याच्या नव्या झोपडीतली एक मारली. तिन्ही उजाडल्यावर, तिन्हींच्या मानेला दोन बारीक जखमा. नानांनी त्या उकिरड्यावर फेकल्या. बांधापलीकडून उचलायला कोणी आलं नाही, त्या तिथेच सडल्या, आणि वाऱ्याबरोबर वास सगळ्या वस्तीभर फिरला. बैठक कोणी बोलावली नाही.